मृग वेळेवर, मग पाऊस का नाही?

समुद्र व हवा यांच्या देवघेवीसंबंधी शेतकऱ्यांकरिता एक पाठ

सूर्य दरवर्षी जूनच्या सात किंवा आठ तारखेस मृग नक्षत्रात प्रवेश करितो. बावीस तारखेच्या सुमारास आर्द्रा लागतात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, पुढे पुष्य, आश्लेषा, मघा असा क्रम चालतो. आपल्या आजोबांच्या हयातीपासून या क्रमात सांगण्याजोगा एका दिवसाचाही फरक पडलेला नाही. असे असता मृगाचा पाऊस मात्र एखाद्या वर्षी मृगात पडतो, एखाद्या वर्षी आर्द्रात पडतो, आणि एखाद्या वर्षी पुनर्वसू सरत आला तरी शेतकरी बांधावर उभा राहून आभाळाकडेच पाहत असतो. पंचांग चुकत नाही, मग पाऊस का चुकतो?

वाचकांपैकी पुष्कळांनी लहानपणी हा प्रश्न वडीलधाऱ्यांस विचारिला असेल आणि "देवाची मर्जी" असे उत्तर त्यांस मिळाले असेल. त्या उत्तरास बाध आणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ती मर्जी कोणत्या वाटेने खाली येते याचा शोध गेल्या सुमारे दीडशे वर्षांत बराच लागला आहे. नक्षत्रे ही सूर्याची जागा सांगतात, आणि सूर्य सर्व वर्षी सारखाच असतो. वर्षावर्षांत जो बदलतो तो समुद्र होय. म्हणून ज्याला पावसाचा विचार करावयाचा आहे त्याने सूर्याच्या गणितास समुद्राच्या गणिताची जोड दिली पाहिजे.

आम्ही हवामानशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण गावच्या मराठी शाळेतले आणि उमर गेली ती महसूल खात्यात कारकुनी करण्यात. परंतु एकतीस वर्षे पीकपाहणीचे, पर्जन्यमानाचे व पैसेवारीचे तक्ते लिहिताना जे कुतूहल मनात राहिले ते निवृत्तीनंतर वाचनाने भागविले. त्यातून आणि घरच्या शेतीत सोसलेल्या दोन ठोकरांतून जे समजले ते शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहो.

१. माती उतावळी, पाणी सोशिक

वैशाखातल्या भर दुपारी नांगरटीवर अनवाणी पाय टेकवत नाही. परंतु त्याच वेळी विहिरीत उतरावे तर पाणी गार लागते. उलट माघातल्या पहाटे रानातली ढेकळे बर्फासारखी झालेली असतात, आणि विहिरीच्या पाण्यातून मात्र वाफ निघताना दिसते. माती लवकर तापते व लवकर निवते. पाणी उशिरा तापते व उशिरा निवते, हा नित्याचा अनुभव आहे.

याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, सारख्याच वजनाची कोरडी माती व पाणी घेऊन दोहोंचा ताप एकेक अंशाने वाढवावयाचा झाल्यास पाण्यास मातीच्या चार-पाच पट उष्णता द्यावी लागते. दुसरे असे की, दिवसाचे ऊन जमिनीत वीतभर खोलीच्या पलीकडे फारसे जात नाही. समुद्रात मात्र लाटा व वारा वरचे पाणी सारखे ढवळीत असल्यामुळे तीच उष्णता खोलवर वाटली जाते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा शेकडा ७१ भाग समुद्राने व्यापलेला आहे. या समुद्राच्या केवळ वरच्या अडीच-तीन मीटर थरात जितकी उष्णता सामावते, तितकीच जमिनीपासून आकाशापर्यंतच्या साऱ्या हवेत सामावते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. हवा ही रोजंदारीवरच्या गड्यासारखी आहे. आज मिळाले ते आज खर्चिले. समुद्र हा पेव राखणाऱ्या कुणब्यासारखा आहे. त्याने साठविलेली उष्णता महिनोन्महिने पुरते. म्हणूनच आठ-दहा दिवसांपलीकडच्या हवेचा नेमका दिवस सांगता येत नाही, पण समुद्राची स्थिती पाहून येत्या चार महिन्यांचा कल काही अंशी सांगता येतो.

२. वाफ हे उष्णतेचे गाठोडे

समुद्रातली ही उष्णता हवेच्या हाती येते कशी? मुख्यतः वाफेच्या रूपाने. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास इतकी उष्णता लागते की, तेवढ्या उष्णतेत बर्फाइतके गार असलेले पाच लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत गुप्त राहते, आणि ती वाफ थंड होऊन तिचे थेंब बनू लागले म्हणजे पुन्हा हवेत मोकळी होते. त्या उष्णतेने हवा हलकी होऊन आणखी वर चढते, तिची जागा घेण्यास खालून आणखी ओलसर हवा धाव घेते, आणि ढगावर ढग चढतात. पाऊस पाडणारा ढग असा समुद्राच्या उष्णतेवरच चालत असतो.

एका एकरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले असे समजावे. एवढ्या पाण्यामागे किती उष्णता वाहून आली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. साधारणतः समुद्राच्या पृष्ठभागाचा ताप २८ अंश सेल्सिअसच्या वर असला म्हणजे त्यावर असे उंच ढग सहज उठतात.

३. आपल्या पावसाची वाट

उन्हाळ्यात भारताची भूमी तापते, तेथील हवा हलकी होऊन वायुभार उतरतो. त्याच वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मॉरिशसच्या बाजूच्या समुद्रावर हिवाळा असून वायुभार अधिक असतो. तेथून निघालेले वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत मोठ्या वेगाने वाहून अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतात. वाटेत ते अरबी समुद्राची वाफ उचलतात. केरळात त्यांची सर्वसाधारण तारीख १ जून ही होय.

पुढे सह्याद्रीची भिंत आडवी येते. वारे वर चढतात, थंड होतात, आणि ओझे घाटमाथ्यावर उतरते. महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेस माण-खटावाकडे तो पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. घाटावरील पूर्वेकडच्या शेतकऱ्याने म्हणून अरबी समुद्राइतकेच बंगालच्या उपसागराकडेही पाहिले पाहिजे. त्या उपसागरात मोठमोठ्या नद्यांचे गोडे पाणी येऊन वर तरंगते. ते हलके असल्याने खालच्या थंड पाण्याशी लवकर मिसळत नाही, आणि पृष्ठभाग पावसाळ्यातही उष्ण राहतो. त्यामुळे तेथे कमी दाबाची क्षेत्रे वारंवार उठतात आणि वायव्येकडे सरकत येऊन विदर्भ व मराठवाडा यांस पाऊस देतात.

येथे एक खुबी पाहण्याजोगी आहे. वारा समुद्राकडून वाफ घेतो एवढेच नव्हे, तर तो समुद्रासही बदलतो. सोमालियाच्या किनाऱ्याशी हा वारा वरचे उष्ण पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचे थंड पाणी वर येते. त्यामुळे अरबी समुद्राचा पश्चिम भाग ऐन पावसाळ्यात कित्येक अंश थंड होतो. तात्पर्य, समुद्र वाऱ्यास घडवितो आणि वारा समुद्रास घडवितो. ही दोघांची देवघेव आहे. एकाची दुसऱ्यावर सत्ता नव्हे.

४. दूरच्या महासागराचा आपल्याशी संबंध

ही देवघेव सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालते ती पॅसिफिक महासागरात. तेथे विषुववृत्तालगत वारे नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात व उष्ण पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटून ठेवितात. इतके की, त्या बाजूस समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्ध्या मीटरने उंच राहते. पूर्वेस पेरू देशाच्या किनाऱ्याशी खालचे थंड पाणी वर येते. ते पाणी मासळीस पोषक असते.

काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. पश्चिमेस साचलेले उष्ण पाणी पूर्वेकडे पसरते, आणि पेरूच्या किनाऱ्याचा समुद्र तापून मासळी दुर्मिळ होते. तेथील कोळ्यांना हे उष्ण पाणी नाताळच्या सुमारास आलेले दिसे, म्हणून त्यांनी त्यास बाळ येशूवरून 'एल निनो' असे नाव दिले. याच्या उलट, वारे अधिक जोर करून पूर्वेचा समुद्र नेहमीहून थंड करितात, त्या स्थितीस 'ला निना' म्हणतात.

पेरूच्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी नसण्याचा आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या कणगीत दाणा नसण्याचा काय संबंध, असे कोणीही विचारील. तो संबंध प्रथम हाती लागला तो आपल्याच देशात. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन उजाड झाले होते. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत काढिली. पुढे १८९९ साली पुन्हा मोठे अवर्षण झाले. १९०४ पासून १९२४ पर्यंत खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या ठाण्यांचे वायुभार, ताप व पाऊस यांचे आकडे जमवून एकमेकांशी ताडून पाहिले. आजच्यासारखी यंत्रे नसल्याने ही गणिते त्यांच्या कचेरीतल्या भारतीय कारकुनांनी हातांनी केली, हे वाचून आम्हांस विशेष समाधान वाटले. त्या आकड्यांतून असे दिसले की, पॅसिफिकवर वायुभार चढला म्हणजे हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि तिकडे उतरला म्हणजे इकडे चढतो. जणू तराजूची दोन पारडी. या आंदोलनास त्यांनी १९२४ साली नाव दिले. तथापि पारडी हलविते कोण हे त्यांस कळले नाही. ते १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखविले: तराजूमागे पॅसिफिकचे पाणी आहे. एल निनो आणि वॉकरचे आंदोलन ही एकाच घडामोडीची दोन अंगे होत, एक समुद्रातले व दुसरे हवेतले.

आता आपल्या पावसाशी त्याचा संबंध स्पष्ट होईल. उष्ण पाणी इंडोनेशियाजवळ असते तेव्हा हवा तेथे वर चढते. ते पाणी पूर्वेस सरकले म्हणजे हवा वर चढण्याची जागाही सरकते, आणि जेथे ती पूर्वी चढत होती त्या बाजूस, कधी आपल्या देशावरही, वरून खाली उतरू लागते. उतरणारी हवा तापते व कोरडी होते. ढग येतात, पण वाढत नाहीत. दुष्काळी श्रावणात आभाळ भरून यावे आणि संध्याकाळी रिकामे व्हावे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे वर्णन परके वाटणार नाही.

१८७७, १८९९, १९१८, १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९ व २०१५ ही एल निनोची वर्षे होत, आणि या सर्व वर्षी भारतात पाऊस कमी झाला. १९७२ साली देशात सरासरीच्या सुमारे ७६ टक्केच पाऊस झाला. त्या वर्षी आम्ही चार-पाच वर्षांचे होतो. खडी फोडण्याच्या कामावर गेलेली आई आणि घरात आलेला मिलो एवढेच आठवते. त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली.

५. दोन ठोकरा

परंतु वरील यादी वाचून कोणी असे समजेल की एल निनो म्हणजे दुष्काळ ठरलाच, तर तो आमच्यासारखाच फसेल.

१९९७ साली आम्ही कचेरीत नवे होतो. त्या वर्षी अतिशय प्रबळ एल निनो उठला व वर्तमानपत्रांनी भयंकर भाकिते छापिली. आम्ही चार बुके वाचल्याच्या तोऱ्यात गावी जाऊन वडीलबंधूंस सांगितले की, यंदा बी-खतात पैसा घालू नये. दादांनी शिकलेल्या भावाचा शब्द मानून निम्मे रान पडीक ठेविले. त्या वर्षी देशात सरासरीहून किंचित अधिकच पाऊस झाला, आणि आमच्या शिवारात शेजाऱ्यांची पिके डोलताना आम्हांस मान खाली घालून जावे लागले.

२००२ साली पॅसिफिक पुन्हा तापत असल्याचे वृत्त आले. आम्ही भीतभीत विषय काढिला, तेव्हा दादा म्हणाले, "तुझा तो एल निनो मागल्या खेपेस कुठे गेला होता?" आम्ही गप्प बसलो. जूनच्या पावसावर दादांनी सारे रान दोन दिवसांत पेरून काढिले, बी उधारीचे होते. त्या वर्षी जुलैत देशभर सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस झाला. आमच्याकडे उगवलेले कोंब करपले, दुबार पेरणीस पैसा उरला नव्हता, आणि श्रावणात जोडीतला एक बैल बाजारात गेला. पुढे पैसेवारीचा तक्ता लिहिताना आमच्याच गावापुढे पन्नासाच्या आतला आकडा आमच्याच हाताने मांडावा लागला. आकडा बरोबर होता. तो लिहिताना हात मात्र जड झाला.

या दोन वर्षांत भेद काय होता, हे पुढे शास्त्रज्ञांनी शोधिले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्णकुमार व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली दाखविले की, पॅसिफिकचा मध्यभाग अधिक तापला तर आपल्या पावसास अधिक धोका असतो. ताप मुख्यत्वे पूर्वेकडे, पेरूच्या बाजूस असला तर धोका कमी. १९९७ साली ताप पूर्वेकडे होता, २००२ साली मध्याकडे.

दुसरे कारण आपल्या अंगणातले आहे. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडील भाग नेहमीपेक्षा उष्ण व सुमात्राकडील भाग नेहमीपेक्षा थंड, अशी स्थिती कधी कधी होते. तिला हिंदी महासागराचा द्विध्रुव असे म्हणतात. भारतीय शास्त्रज्ञ एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनी तो १९९९ साली जगापुढे मांडिला. अशा वेळी आपल्या बाजूस वाफेचा पुरवठा वाढतो व एल निनोची हानी पुष्कळदा भरून निघते. १९९७ साली हा द्विध्रुव अनुकूल व प्रबळ होता. २०१९ साली तो पुन्हा प्रबळ झाला. त्या वर्षी जूनमध्ये ओढ असूनही हंगामाअखेर देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला, ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीस महापूर आला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार व महा ही दोन वादळे एकाच वेळी अरबी समुद्रात उठून काढणीस आलेले सोयाबीन व द्राक्षबागा यांची नासाडी झाली. अनुकूल समुद्र म्हणजे निर्धास्त शेतकरी, असेही समजू नये.

६. अंदाज कसा वाचावा

महसुली कामाचा परिचय असलेल्यांस हे सोपे जाईल. पैसेवारी एकदम ठरत नाही. प्रथम नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर अंतिम, असे तीन टप्पे असतात. नजरअंदाजास कोणी अंतिम समजत नाही, आणि तो अंतिम नाही म्हणून कोणी फेकूनही देत नाही. पावसाच्या अंदाजाचे असेच आहे.

हवामान खाते पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यास देते. त्यास नजरअंदाज समजावे. पॅसिफिक महासागर फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत आपली स्थिती पालटण्याच्या बेतात असतो, म्हणून त्या वेळी पाहिलेले पुष्कळदा टिकत नाही. मेअखेरीस सुधारित अंदाज येतो. त्याचे वजन अधिक. पुढे दर महिन्याचा व आठवड्याचा अंदाज येत राहतो. पेरणीचा दिवस ठरवावयाचा तो या अखेरच्या अंदाजावर आणि आपल्या रानातील ओलीवर.

दुसरे असे की, "सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के" हा आकडा साऱ्या देशाचा व चार महिन्यांचा आहे. देशाची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ८७ सेंटिमीटर धरितात. ती आपल्या गट नंबराची सरासरी नव्हे. २०२३ साली हंगामअखेर देशात ९४ टक्के पाऊस झाला, म्हणजे दुष्काळ म्हणावा असे नव्हे. परंतु त्यातला ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या सर्व ऑगस्टांत कोरडा ठरला. ज्याचे पीक त्या महिन्यात फुलोऱ्यात होते त्याला ९४ या आकड्याचा काय उपयोग?

तिसरे असे की, अंदाज हा कौल आहे, निकाल नव्हे. एल निनोच्या वर्षांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक वर्षी पाऊस सरासरीखाली जातो. बाकीच्या वर्षी जात नाही. २००२ चा दुष्काळ हंगामापूर्वीच्या अंदाजात दिसला नव्हता, आणि त्यानंतर २००३ साली अंदाजाची रीत बदलण्यात आली. अंदाज चुकू शकतो हे जाणूनच त्याचा उपयोग करावा. शंभर वर्षांपैकी साठ वर्षे बुडवणारा ओढा उतरून जाणारा गाडीवान गाडी घरी ठेवीत नाही; तो ओझे हलके करितो आणि बैलांचे कासरे हाती धरितो.

७. रानात काय करावे

येणेप्रमाणे विचार करून समुद्र प्रतिकूल असल्याची वार्ता आली असता पुढील गोष्टी कराव्या, असे आमचे मत आहे.

(अ) ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे तीन ते चार इंच पाऊस होऊन ओल खाली उतरल्यावाचून पेरणी करू नये. सरळ काठाचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवावा व रोज सकाळी फूटपट्टीने पाणी मोजून वहीत मांडावे. गावाच्या एका टोकास पडतो तो दुसऱ्या टोकास पडतोच असे नाही, म्हणून ही वही आपली आपण ठेवावी.

(आ) सारे रान एका ओलीवर पेरू नये. दोन-तीन टप्पे करावे. दुबार पेरणीपुरते बी बाजूस ठेवावे, आणि घरचे बी असल्यास शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते आधी पाहावे. सोयाबीनचे सत्तरांहून कमी उगवल्यास बियाणाचे प्रमाण वाढवावे किंवा बी बदलावे.

(इ) एकाच पिकावर भिस्त ठेवू नये. बाजरीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे. वरचे पीक पावसाच्या खंडात सापडले तरी तुरीचे मूळ खोल जाऊन परतीच्या पावसाचा लाभ घेते.

(ई) पाऊस लांबल्यास पीक बदलावे. जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर मूग-उडीद पेरण्याचा हट्ट धरू नये. बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांचा विचार करावा.

(उ) पेरणी उताराला आडवी करावी, पावसाच्या खंडात कोळपणी करून भेगा बुजवाव्या, आणि पडलेले पाणी बांधाबाहेर जाऊ देऊ नये.

(ऊ) कडबा पोळ्यापर्यंत विकू नये. पीक विम्याचा हप्ता मुदतीपूर्वी भरावा. विहिरीच्या पाण्याचा हिशेब पिण्याच्या पाण्यापासून धरावा. २०१४ व २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे ओढीची गेल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे विसरू नये. त्यांतले २०१४ हे तर पुरते एल निनोचे वर्षही नव्हते.

अनुकूल वार्ता आली असता काय करावे? हेच करावे, फक्त रानातून जादा पाणी काढून देण्याचे चर आधी साफ करावे.

८. समुद्र तापत आहे

अखेर एक गोष्ट सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होत नाही. कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वीवर जी जादा उष्णता साचत आहे, तिच्यापैकी शेकडा नव्वदांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. हवा एका अंशाने तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस अधिक जोराने पडतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तीर्ण अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या वरील संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखविले. अरबी समुद्रही तापत आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले व मे २०२१ मध्ये तौक्ते कोकणास झोडपून गेले, हे कोकणातील बागाइतदारांस सांगावयास नको. सबब वडिलांच्या अनुभवाची वही जपावी, पण तिच्यातला समुद्र आजच्या समुद्राहून थंड होता हे ध्यानात ठेवून वाचावी.

सारांश, मृग नक्षत्र हे पेरणीची तयारी पूर्ण करण्याची तारीख सांगते. पेरणीचा दिवस सांगत नाही. तो दिवस समुद्र, वारा व आपल्या रानाची ओल या तिघांच्या संमतीने ठरतो.

आमच्या दादांनी वॉकरचे नाव कधी ऐकिले नाही. परंतु २००२ नंतर त्यांनी हयातभर सारे रान एका दिवशी पेरले नाही, आणि पावसाळा तोंडावर आला की ते आम्हांस विचारीत, "यंदा तिकडचे पाणी कसे आहे?" आम्ही जे कळले असेल ते सांगत असू. ते ऐकून घेत, मग पायाच्या अंगठ्याने माती उकरून ओल किती खाली गेली ते पाहत, आणि त्यानंतरच पाभरीस हात लावीत.